काहीही बोला, आवाज घेणार नाही

"आजोबा, मोबाइल सायलेंटवर ठेवलात ना, आता तोंडही ठेवा," मागच्या रांगेतून आवाज आला आणि आजूबाजूचे चार-पाच जण हसले.

आप्पांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं आणि त्यांच्या समजुतीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "शैले, अजून किती येळ गं तुझ्या आईला यायला?"

अख्ख्या हॉलनं ते ऐकलं. पहिल्या रांगेतल्या माणसानंसुद्धा मान वळवली.

"श्शऽऽ!"

मी आप्पांच्या हातावर थोपटलं आणि तोंड त्यांच्याकडं करून, आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "येतीया. गप बसा." पण हॉलमधल्या अंधारात त्यांना माझे ओठ दिसेनात. ते पुन्हा वाकले. "काय म्हणलीस?"

"अहो काय चाललंय काय!" मागचा माणूस.

आधी आप्पांचं सांगते. दुंडाप्पा म्हेत्रे, माझे वडील. इचलकरंजीत मिसरूड फुटल्यापासून यंत्रमाग चालवले आणि त्यातच कान घालवले. कानाशी ओरडलेलं तेवढं कळायचं, पण आपण किती मोठ्यानं बोलतोय याचा अंदाज त्यांना उरला नव्हता. आमच्या गल्लीत तो कुणालाच नव्हता. एका पत्र्याखाली पाच-पंचवीस माग खडखडत असले की शेजाऱ्याच्या कानात बोंब मारली तरी पोचत नाही. म्हणून कारखान्यात कुणी आवाज वाया घालवत नाही. नुसते ओठ हलवायचे, नीट, सावकाश. समोरचा वाचतो. मी दहा वर्षांची असताना आईच्या हाताखाली कांड्या भरायला गेले, तेव्हा पहिल्या महिन्यातच ते शिकले. शाळेत जे अक्षर ओळखायला मला दोन वर्षं लागली, ते माणसाच्या तोंडावर मला महिन्यात वाचता आलं.

कांड्या म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर पळणाऱ्या धोट्यात बसवायच्या सुताच्या छोट्या नळ्या. त्या भरायचं मशीन कारखान्याच्या एका टोकाला, आणि आप्पांचे माग दुसऱ्या टोकाला. आई तिथनं विचारायची, "रातच्याला काय करू?" आप्पा इकडनं सांगायचे, "झुणका." मधले सगळे गडी वाचायचे. एकदा आई म्हणाली, "आज आंघुळ करून बसा जेवायला, वास मारतोय," तर अख्खा कारखाना माग बंद करून हसला. त्या पत्र्याखाली कुणाचंच काही झाकून राहत नव्हतं. नवरा-बायकोचंसुद्धा नाही.

आमच्या गावच्या टॉकीजात याची मजा यायची. पडद्यावरच्या व्हिलननं शिवी दिली की सेन्सॉरवाले आवाज कापायचे. शहाणी माणसं समजायची की शिवी गेली. आमची पुढची सगळी रांग मात्र खो-खो हसायची, कारण आम्ही शिवी वाचलेली असायची. वर जो बाल्कनीत कापडवाला शेट बसलेला असायचा तो विचारायचा, "काय म्हणाला रे?" आणि खालून कुणीतरी ती शिवी शेटलाच ओरडून सांगायचा. टॉकीजात बोलायचं नसतं हे आम्हांला कुणी शिकवलंच नव्हतं. सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा असतो आणि मिळून बघायचं म्हणजे बोलत बघायचं, एवढंच माहीत होतं.

आता आम्ही कोल्हापुरात होतो. रविवारी सकाळी, एका एसी हॉलमध्ये, निमंत्रितांसाठी ठेवलेल्या खेळाला. सिनेमा मागवाल्यांवर होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. बक्षिसं भरपूर मिळालीत त्याला, माझ्याकडून आणखी जाहिरात नको. सुरुवातीला एका बाईंनी माइकवर सांगितलं, "या चित्रपटात शांतता हे एक पात्र आहे. कृपया तिचा मान राखा." मागाच्या कारखान्यावरचा सिनेमा आणि त्यात शांतता हे पात्र! मी तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण आप्पांना आई बघायची होती.

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

ज्या संक्रांतीला ते सिनेमावाले आमच्या कारखान्यात आले, तेव्हा ती धडधाकट दिसत होती. देवस्थळी नावाचा पुण्याचा तरुण दिग्दर्शक होता. माणूस वाईट नव्हता. चहा आमच्या कपातून प्यायचा. त्याला आईचा चेहरा आवडला. म्हणाला, "यांचा एक शॉट घेऊ. माग चालू राहू देत. बाकी सगळे बाहेर थांबा." आप्पांनासुद्धा बाहेर काढलं, मलाही. आम्ही बोळात उभे राहून शेंगा खात होतो. दारातून देवस्थळी आईला ओरडून सांगत असलेला तेवढा ऐकू आला, "मावशी, समोर बघून काहीही बोला. आवाज घेणार नाही आहोत!"

ती बऱ्याच वेळानं बाहेर आली. आप्पांनी विचारलं, "काय बोललीस?"

"काय न्हाई. उजळणी म्हणलो."

"एवढा येळ उजळणी?"

"तीस पाढं येत्यात मला," आई म्हणाली आणि हसली. मग घरीही विचारलं, चेष्टेत विचारलं, रागानं विचारलं. दर वेळी ती हसून उठून जायची. जी बाई नवऱ्याला पाच-पंचवीस माणसांदेखत आंघोळ करा म्हणाली, तिनं हे एवढं सांगितलं नाही. आप्पांच्या डोक्यात ते बसलं. बारक्या पोराला चिडवल्यासारखं झालं होतं त्यांचं.

वैशाखात माझं लग्न झालं. श्रावणात आईला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. छातीतली गाठ फुटायला आली होती. डॉक्टरीणबाई तिच्यावर ओरडल्याच, "कधीपासून आहे ही?" आई म्हणाली, "आत्ताच. पंधरवडा झाला असंल." दसऱ्याआधी ती गेली. तेव्हापासून जो भेटेल त्याला आप्पा एकच सांगायचे, "पंधरा दिवसांत वाढलं बघा. तिला तरी काय म्हाईत? मला तरी काय म्हाईत?" त्या पंधरा दिवसांवर ते जेवत होते, झोपत होते, कामावर जात होते.

मग सिनेमाचे पास आले. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. एसटीत म्हणाले, "आता बघू या कुठली उजळणी म्हणली ती."

त्यांना तिचं ते बोलणं बघायचं होतं. दुसरं काही नको होतं. घरात तिचे फोटो होते, लग्नातले, बारशातले. सगळ्यांत तोंड मिटलेलं. फोटोतल्या बाईचं काय वाचणार?

पडद्यावर कारखाना आला. आमचाच. पण मागांचा आवाज काढून टाकून त्यावर व्हायोलिन लावलं होतं. धोटे इकडून तिकडं पळतायत आणि वर ते रडकं व्हायोलिन. आप्पांना व्हायोलिनही ऐकू येत नव्हतं, त्यामुळं त्यांना तो कारखाना खराच वाटला. "आपला तिसरा माग!" ते ओरडले. "पट्टा ढिला हाय बघ, तवा बी ढिलाच हुता!"

"प्लीज!" बाजूच्या बाई म्हणाल्या.

मी त्यांच्याकडं वळले. "ताई, त्यांना ऐकू येत नाही. मुद्दाम नाही करत."

मागचा माणूस पुढं वाकला. "ऐकू येत नाही तर सिनेमाला आणलंत कशाला?"

"बघायला आणलो," मी म्हणाले. रागात माझी घरची भाषा बाहेर आली. आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो, आणलो' म्हणतात.

"आणलो म्हणे," तो शेजारच्याला म्हणाला. पुन्हा हसू.

"माझी आई आहे या सिनेमात."

"मग तर जास्तच शांत बसायला पाहिजे तुम्ही."

त्याच्यावर बोलण्यासारखं माझ्याकडं पुष्कळ होतं, पण तेवढ्यात पडद्यावर हिरो आला. कारखान्याच्या त्या टोकाला उभा राहून तो मुठी आवळून साथीदारांना काहीतरी सांगत होता. व्हायोलिन चढलं. हॉलमध्ये लोक अगदी श्वास रोखून होते. आणि आप्पा फुटले. मांडीवर थाप मारून हसायला लागले.

"शैले, वाचलंस का? 'पंखा इकडं वळव रे, शिजलो मी' म्हणतोय त्यो! आयला, पंखा!"

मी वाचलं होतं. खरंच तो तेच म्हणत होता. आमच्या गावच्या टॉकीजात अख्खी रांग उठून नाचली असती. मलाही हसू आलं, आणि मी ते दाबलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा आप्पा असे हसले होते.

टॉर्च आली. गणवेशातला पोरगा वाकून म्हणाला, "मॅडम, तक्रार आलीय. बाहेर यावं लागेल."

"आत्ता नाही."

"मॅडम, लोक..."

"हे बघ भाऊ, एक बाई यायची आहे पडद्यावर. ती येऊन गेली की आम्ही आपणहून जातो. तोवर मला हात लावून बघ."

तो घुटमळला. कुठल्या तरी मागवाल्याचाच पोरगा असेल. टॉर्च विझवून कडेला जाऊन उभा राहिला. "बाहेर काढा ना यार त्यांना," कुणीतरी लांबून म्हणालं.

आणि आई आली.

भिंतीएवढा चेहरा. केसांवर सुताचा भुरा, कपाळावर घाम, नाकात चमकी. डोळे खाली, कांड्यांवर. आप्पांनी माझं मनगट धरलं. आईनं मान वर केली, समोर कुणाकडं तरी बघितलं, आणि बोलायला लागली. सावकाश. नीट. कारखान्यातल्या टोकापासून टोकापर्यंत बोलताना ती जशी बोलायची, अगदी तशी.

व्हायोलिन वाजत होतं. लोक माना कलत्या करून बघत होते.

मी वाचत होते. आप्पा वाचत होते. त्यांचे स्वतःचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मग त्यांची पकड माझ्या मनगटावर इतकी आवळली की बांगडी रुतली. आईचं वाक्य अर्ध्यात असताना दृश्य बदललं आणि पडद्यावर नदीकाठ आला.

आप्पा उभे राहिले.

"दिवाळीपासनं?" ते म्हणाले. मग ओरडले, कारखान्यातसुद्धा कुणी ओरडत नाही तसं, "आगं दिवाळीपासनं? आन् मला न्हाई सांगितलंस?"

हॉलमध्ये एकच कल्ला झाला. "बसा खाली!" "दारू पिऊन येतात!" "सिक्युरिटी!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या, चेष्टेनं. मागचा माणूस माझ्या खुर्चीची पाठ धरून हलवत होता. आप्पांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते नदीकाठाकडं बघून पुन्हा म्हणाले, "आरं पुढं काय म्हणली? माघारी घ्या की ते! माघारी घ्या!"

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. रांगेतल्या लोकांनी पाय आवळून घेतले, आपल्याला काही लागेल असे.

पुढं एका पेपरात त्या शॉटबद्दल छापून आलं. मी ते वाचलं. त्या बाईच्या मूक चेहऱ्यानं शब्दाविना सगळं सांगितलं, असं काहीतरी होतं. मूक! डोळे फुटले होते का त्यांचे? शब्दाविना नव्हतं काही. एकेक शब्द होता. तुम्हांला वाचता येत नव्हता, एवढंच.

बाहेर गालिचा टाकलेली मोठी मोकळी जागा होती. पॉपकॉर्नचा वास. आप्पा उजेडात आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"तू बी वाचलंस न्हवं?"

"वाचलो."

"मी चुकलो आसंन. डोळं बी कमी झाल्यात आता. काय म्हणली ती, सांग."

मी खोटं सांगू शकले असते. पण ज्यानं आयुष्यभर ओठ वाचले, त्याच्यासमोर तोंड उघडून खोटं बोलता येत नाही. मी आवाज न काढता, तिचेच शब्द तिच्यासारखे हळूहळू म्हणून दाखवले.

"छातीत गाठ झालीया. दिवाळीपासनं हाय. कुणाला बोललो न्हाई. पोरीचं लगीन ठरलंय, आत्ता दवाखाना काढला तर..."

"तर," आप्पा म्हणाले. "मी बी 'तर'च वाचलो."

ते भिंतीला टेकून खाली बसले, गालिच्यावरच. पॉपकॉर्नवाली मुलगी आमच्याकडं बघत राहिली. लग्न माझं होतं.

पण मला तेव्हाच उमगलं, ती तिथं का बोलली ते. घरात बोलली असती तर आप्पांनी त्याच दिवशी मिरज गाठली असती. शेजारी बोलली असती तर मुलाकडच्यांच्या कानावर गेलं असतं. आणि कारखान्यात तर तोंड उघडायची सोय नव्हती, पाच-पंचवीस माणसं वाचणारी. त्या एका दिवशी सगळ्या वाचणाऱ्यांना बाहेर काढलं होतं. माग धडधडत होते, आणि एक साहेब सांगत होता, काहीही बोला, आवाज घेणार नाही. असा मोका तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता.

दार उघडून देवस्थळी बाहेर आला. आतला गोंधळ त्याच्या कानावर गेला असणार. आधी कपाळाला आठ्या होत्या, आप्पांना ओळखल्यावर त्या गेल्या.

"काका! तुम्ही होय? काय झालं? बरं नाही का वाटत?"

आप्पा उठले. "साहेब, ती पुढं काय म्हणली?"

"कोण?"

"हिची आई. 'तर' म्हणली आन् तुम्ही कापलंसा. पुढचं काय?"

देवस्थळीनं माझ्याकडं बघितलं. "त्या... खरंच काही बोलत होत्या?"

"मग काय ओठांचा व्यायाम करत होती?"

"नाही, म्हणजे... माझा समज असा की काहीही बोला म्हटलं की लोक एक-दोन-तीन म्हणतात. आवाज तर नव्हताच. मी मॉनिटरवर बघत होतो. चेहरा इतका... मी ओठांकडे बघितलंच नाही." तो खरं बोलत होता. चांगल्या माणसाचा मला अशा वेळी जास्त राग येतो, कारण त्याला शिवी देता येत नाही.

"किती बोलली?" आप्पांनी विचारलं.

"पुष्कळ. मी कट म्हणालोच नाही. थांबवावंसं वाटेना. बोलता बोलता मध्ये हसल्या, मग पुन्हा बोलल्या. शेवटी त्याच थांबल्या. पदरानं तोंड पुसलं आणि कामाला लागल्या."

आप्पांनी त्याचे ओठ वाचले होते, तरी माझ्याकडं वळून बघितलं. मी मान हलवून होय म्हटलं.

"मग ते दावा मला. पैसं देतो. कुठं यायचं सांगा, पुण्याला येतो."

देवस्थळी खाली बघायला लागला.

"दाखवा की," मी म्हणाले.

"नाहीये ते," तो म्हणाला. "सिनेमात जेवढं घेतलं तेवढंच आहे. बाकीचं सगळं... जागा करावी लागते हो. वर्षभर ठेवलं होतं, मग पुसून टाकलं. मला माहीत असतं तर..."

हे त्यानं मान खाली घालून सांगितलं, म्हणून आप्पांना वाचता आलं नाही. ते माझ्याकडं बघत थांबले. मला सांगावं लागलं. मी ओठांनी सांगितलं, "पुसलं. न्हाई राहिलं."

आप्पांनी गालिच्याकडं बघितलं, मग दाराकडं. आतून कुठल्या तरी दृश्याला टाळ्या पडत होत्या. मला वाटलं आता ते त्या पोराची गचांडी धरतील. धरली असती तर मी सोडवायला गेले नसते.

"तिच्यासमोर कोण हुतं?" त्यांनी विचारलं.

"समोर?"

"ती कुणाकडं बघून बोलत हुती?"

देवस्थळीनं आठवून सांगितलं. "आमचा लाइटवाला उभा होता त्या बाजूला. बिजू. केरळचा."

"मराठी येती त्याला?"

"नाही हो. हिंदीसुद्धा जेमतेम."

"मग त्यो काय करत हुता, ती बोलत हुती तवा?"

"काय करणार? लाइट धरून उभा होता. आणि मान हलवत होता सारखा." देवस्थळी किंचित हसला आणि लगेच थांबला. "मी रागावलो नंतर त्याला. मान हलवली की हातातला लाइट हलतो. तर म्हणाला, बाई इतकं बोलतेय माझ्याशी, नुसता कसा उभा राहू?"

आप्पांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं. या वेळी त्याच्या तोंडाच्या अगदी जवळ जाऊन, एकेक शब्द वाचला. मग सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि त्या हॉलच्या बाहेर, त्या गालिच्यावर, आयुष्यात पहिल्यांदा खरोखर हळू आवाजात बोलले.

"बरं झालं. कुणीतरी व्हय व्हय म्हणत हुतं तिला."